उंदरांची पंगत

दार ठोठावल्याशिवाय उंदरांच्या खोलीत जायचं नाही, हा आमच्या लिंबाजीमामांचा कायदा. परभणीतल्या आमच्या कॉलेजात औषधांच्या प्रयोगांसाठी पांढरे उंदीर पाळलेत आणि मामा त्यांची निगा राखतात. रोज सकाळी पालमच्या एसटीनं येतात, चपला बाहेर काढतात, दारावर दोनदा टकटक करतात आणि विचारतात, “येऊ का आत, मंडळी?” आतून आजवर कुणी ‘या’ म्हटलेलं नाही, पण मामा तेवढं थांबतात. एकदा आमचे गाईड सर धाडकन दार उघडून आत शिरले, तर मामा आठवडाभर त्यांच्याशी जेवढ्यास तेवढं बोलत होते.

उंदराला उंदीर म्हटलेलंही त्यांना चालत नाही. “उंदीर शेतात असतोय, ताई. ही सरकारी माणसं हायत. सोमवारी वजन देत्यात, महिन्याला रगत देत्यात. तुमच्यापरीस हजेरी चांगली हाय त्यांची.” माझी हजेरी खरंच वाईट होती, त्यामुळे गप्प बसायचं.

रक्त काढायच्या दिवशी तर मामांचा तोरा बघावा. उंदराची शेपटी कोमट पाण्यात धरून शीर वर आणायची, हे काम त्यांचं. सुई माझी. मी सुई उचलली की कानाशी सुरू, “इज्जतीनं, ताई. इज्जतीनं टोचा.” हा त्यांचा आवडता शब्द. शिपायाला, सरांना, डास मारणाऱ्याला, सगळ्यांना एकच उपदेश. मे महिन्यात कूलर आचके द्यायला लागला तेव्हा त्यालाही मामांनी सुनावलं, “इज्जतीत ऱ्हा.” आणि तो मेला खरंच इज्जतीत राहिला.

जेवायचीही तऱ्हाच. एक वाजता आम्ही पाच पीएचडीवाले विभागातल्या मोठ्या टेबलावर डबे उघडायचो. मामा मात्र उंदरांच्या खोलीबाहेरच्या बाकड्यावर, भिंतीकडे तोंड करून जेवायचे. मामांना मंडळींशिवाय घास उतरत नाही, असं म्हणून आम्ही दात काढायचो.

तर माझा प्रयोग. उंदरांचे तीन गट. पहिल्याला साधा कोरडा खुराक. दुसऱ्याला डालडा आणि साखर कालवलेला. तिसऱ्याला तोच डालडा-साखरेचा, वर जांभळाच्या बियांची पूड. मग रक्तातली साखर, चरबी आणि अंगात आतून सूज आहे का ते सांगणारे आकडे तपासायचे. पहिला गट ठणठणीत राहणार, दुसरा बिघडणार आणि तिसऱ्याला माझं जांभूळ वाचवणार, असा सगळा बेत. पीएचडीची माझी मुदत संपत आली होती. हा प्रयोग फसला तर एक वर्ष पाण्यात.

सहाव्या आठवड्यात रक्त तपासलं आणि मी कपाळाला हात लावला. तिन्ही गट सारखेच बिघडलेले. साध्या गटातली सूज तर अशी, की जणू रोज लग्नाला जाऊन येतात. मशीन पुसलं, रसायनं बदलली, खुराकवाल्याशी फोनवर कचाकचा भांडले. सर म्हणाले, “जगात जर्मनी अन् भारतात परभणी म्हणतात ते खोटं नाही. जर्मनीचे उंदीर डालडा खाऊन आजारी पडतात, आपले नुसत्या कोरड्या खुराकावर.” मग हसू आवरून त्यांनी बजावलं, “कुणीतरी गडबड केलीय. ज्यानं केली तो उद्यापासून घरी.” मामा रोजंदारीवर होते.

त्याच दुपारी पेन विसरलं म्हणून मी जेवण सोडून उंदरांच्या खोलीत गेले. मामा हातात चमचा घेऊन उभे. डालड्याचा खुराक काढून साध्या गटात, साधा काढून डालड्याच्या दोन्ही गटांत. अगदी निम्मा-निम्मा.

“दार ठोठावलं न्हाई तुमी,” मामा म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. “मामा, माझं वर्ष मातीत घातलंत. का?”

“एका खोलीत सोळा जणाला तूप अन् आठ जणाला कोरडं. त्यांला वास येतोय की, ताई. पंगतीभेद माझ्या हातानं व्हायचा न्हाई.”

“अहो, उंदीर आहेत ते!”

मामांनी चमचा धुतला, पुसला, जागेवर ठेवला. “आमच्या गावात लग्नाची पंगत बसायची. आमाला बांधाच्या पल्याड बसवायचे. लय लहान होतो मी. बुंदीचा वास यायचा. बुंदी यायची न्हाई.” मग म्हणाले, “सरांला सांगा तुमी. खोटं बोलू नगा.”

मला खूप रडू आलं. वर्षाचं की बुंदीचं, ते आजही सांगता येणार नाही.

सरांना मी सांगितलं की खुराकाची सरमिसळ झाली, देखरेख माझी होती, चूक माझी. तेही खोटं नव्हतं. दीड महिन्यात मी एकदाही स्वतः वाढलं नव्हतं. सर तासभर तडकले. सगळे आकडे रद्दीत गेले. मुदत मागायची, नवे उंदीर आणायचे, पहिल्यापासून सुरुवात. या खेपेला खुराक मी घालायचा ठरलं आणि मामांनी फक्त पाणी द्यायचं. “पाणी देतो,” मामा म्हणाले, “पाणी सगळ्यांला सारखंच हाय.”

दुसऱ्या दिवशी एक वाजता टेबलावर डबा उघडला आणि घास हातातच राहिला. तीन वर्षं मी त्या टेबलावर जेवत होते. सहावी खुर्ची कायम रिकामी होती, तिच्यावर आम्ही दप्तरं ठेवायचो. मामांना या म्हणून कुणीही म्हटलं नव्हतं. मीही नाही. मला माझीच लाज वाटली.

डबा उचलून बाकड्याशी गेले. तिथं दार नव्हतं, भिंत होती, तिच्यावरच दोनदा टकटक केली. “येऊ का, मामा?”

मामांनी मान वळवली. “हात धुतले का? मंडळींला लागण होती,” म्हणाले आणि बाजूला सरकले.

माझ्या डब्यात तूप लावलेल्या पोळ्या, त्यांच्या डब्यात ज्वारीची भाकर आणि ठेचा. मामांनी दोन्ही डबे जवळ ओढले. पोळी मोडली, भाकर मोडली आणि इकडचं तिकडं, तिकडचं इकडं केलं. अगदी निम्मं-निम्मं.

“हं,” मामा म्हणाले, “आता इज्जतीनं जेवा.”