आकाशी शालीचा फोटो

आईच्या फोटोचा पहिला प्रिंट बाहेर आला तो गुलाबी. शाल जांभळट, गाल लालबुंद, नाक तर विचारूच नका.

"ही कोण?" आईने विचारलं.

"तूच की."

"मला गोवर कधी आला होता?"

मुलाने कपाळाला हात लावला. आईच्या सत्तराव्या वाढदिवसाला तिचा तरुणपणचा फोटो मोठा करून भिंतीवर लावायचा, म्हणून त्याने हौसेने फोटोंचा प्रिंटर घेतला होता. मूळ फोटो पार विटलेला, म्हणून स्क्रीनवर त्याने आईला विचारून विचारून त्याचे रंग पुन्हा उजळले होते. त्यात आईने पांघरलेली आकाशी शाल बाबांनी लग्नानंतर स्वतःच्या हाताने रंगवून दिलेली होती. बाबा म्हणजे कापडगिरणीच्या रंगखात्यातून निवृत्त झालेले. सगळे त्यांना रंगमास्तर म्हणत. शाल कसर लागून कधीच गेली होती. तिचा रंग आता फक्त आठवणीत होता आणि तो फोटोत पुन्हा पाहायला मिळावा, एवढीच रंगमास्तरांची इच्छा होती.

मुलाने पुस्तकं धुंडाळली आणि जेवताना सगळ्यांना पकडून समजावलं. "स्क्रीनची रंगांची भाषा वेगळी, प्रिंटरची वेगळी. मध्ये दुभाषा लागतो, त्याला प्रोफाइल म्हणतात. कागद बदलला की दुभाषाही बदलायचा. आपल्याकडे काय झालं, कॉम्प्युटरनेही भाषांतर केलं आणि प्रिंटरनेही."

"म्हणजे एकाच भाजीत दोघांनी मीठ घातलं," सून म्हणाली.

"अगदी बरोबर!"

मग त्याने प्रिंटरची लुडबुड बंद केली, कागदाचा योग्य प्रोफाइल निवडला आणि रंग मोजायचं यंत्र लावून स्क्रीनलाही शिस्त लावली. या वेळचा प्रिंट स्क्रीनशी तंतोतंत जुळला.

"अश्शीच होती हो शाल!" आई म्हणाली.

रंगमास्तरांनी प्रिंट खिडकीशी नेला. चष्मा वर केला, खाली केला.

"पिवळट आहे."

"बाबा, यंत्राने मोजलंय."

"तुझं यंत्र काल आलं. मी चाळीस वर्षं रंगाच्या पिंपात वाकून काढलीत. आकाशी मला शिकवू नकोस."

रंगाच्या बाबतीत रंगमास्तर आजवर कधी चुकले नव्हते. निदान चुकल्याचं त्यांनी कबूल केलेलं कुणाला आठवत नव्हतं.

मग संशय दिव्यांवर गेला. सगळे बल्ब बदलले. आजूबाजूचे रंग नजरेला फसवतात असं पुस्तकात निघालं, म्हणून कॉम्प्युटरमागची भिंत राखाडी झाली, पडदे उतरले आणि सुनेला तिच्या लाल ड्रेससकट खोलीबाहेर काढण्यात आलं.

"माझी झाक पडते म्हणे! मलाही राखाडी रंगवा एकदाचं," ती दाराबाहेरून म्हणाली.

"पिवळट," आतून रंगमास्तर म्हणाले.

अखेर मुलाने हात टेकले. प्रोफाइल गेला खड्ड्यात म्हणत तो सगळ्या फोटोतला निळा रंग वाढवत सुटला. प्रत्येक प्रिंट पाहून रंगमास्तर म्हणायचे, "अजून थोडा." निळी शाई संपली, नवी आणली. मग एका संध्याकाळी त्यांनी नवा प्रिंट हातात धरला. "हाच," ते म्हणाले आणि त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले.

ते पाहून मुलाने सरळ फ्रेमवाला गाठला. फोटो फ्रेम होऊन भिंतीवर चढला. वाढदिवसाला जो येई तो फोटोपुढे थबके आणि आईच्या तब्येतीची चौकशी करी. धाकट्या मावशीने तर आवाज खाली आणून विचारलं, "ताई, तू बुडता बुडता वाचलीस आणि आम्हाला पत्ता नाही?"

आईने ते हसण्यावारी नेलं, पण तिला वाईट वाटलं. जन्मात एकदा तिचा फोटो भिंतीवर लागला होता, आणि त्यात ती अशी गारठलेली.

पुढे पेपरातली अक्षरं पुसट दिसतात म्हणून रंगमास्तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. दोन्ही डोळ्यांत चांगला पिकलेला मोतीबिंदू निघाला. "अहो, तुम्ही इतके दिवस पिवळ्या काचेतून जग बघताय," डॉक्टर म्हणाले. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन लगेच झालं. डाव्याला पुढची तारीख मिळाली.

पट्टी निघाल्यावर रंगमास्तर घरी आले, काळा चष्मा काढून त्यांनी भिंतीकडे पाहिलं आणि ओरडलेच.

"हिला निळीत कुणी बुडवलं?"

मुलाने योग्य प्रोफाइल लावून नवा प्रिंट काढला, त्यांच्या हातात ठेवला आणि तो बाहेर गेला. रंगमास्तरांनी तो खिडकीशी नेला. खोलीत आता आई तेवढी होती.

"हा बरोबर आहे," ते हळूच म्हणाले. "मी चुकलो."

"थांबा! जागचे हलू नका!" आई दाराकडे धावली. "अरे, या रे दोघं! हे काय म्हणतायत ते ऐका!" लग्न झाल्यापासून ती या वाक्याची वाट बघत होती.

मुलगा आणि सून धावत आले. तोवर रंगमास्तरांनी उजव्या डोळ्यापुढे तळहात धरला होता आणि डाव्या डोळ्याने ते दोन्ही फोटो निरखत होते.

"काय म्हणालात बाबा?"

"काही नाही. हातातला पिवळट आहे, भिंतीवरचा बरोबर आहे. दुसरं काय म्हणणार?"

आईने पुढे होऊन त्यांचा हात खाली ओढला. ते तिच्याकडे बघत राहिले.

"शाल फार शोभायची गं तुला."

"विषय बदलू नका."

पण तिचं तोंड एकदम हसरं झालं होतं. तिने भिंतीवरचा फोटो स्वतः उतरवला, फ्रेममध्ये नवा घालायला मुलाकडे दिला आणि डॉक्टरांना फोन लावून डाव्या डोळ्याची तारीख अलीकडे घेतली.