अण्णांच्या कानांचा ताबा

सगळ्या कपाटांच्या किल्ल्या स्वतःच्याच खिशात ठेवायच्या, ही हेडक्लार्कांची ऑफिसातली जुनी खोड. ती त्यांनी घरी आणली नसती, तर पुढचं रामायण घडलंच नसतं.

अण्णांसाठी, म्हणजे वडिलांसाठी, त्यांनी कानाची यंत्रं घेतली. दुकानदार म्हणाला, "साहेब, ही मोबाईलला जोडायची, फोनवरचं बोलणं थेट कानात येतं. आजोबांचाच फोन असलेला बरा." पण अण्णांचा फोन पडला बटणांचा. शिवाय एवढी महागाची वस्तू म्हाताऱ्या माणसाच्या हवाली करायची? हेडक्लार्कांनी ती आपल्याच फोनला जोडली. (किल्ल्यांबरोबर अण्णांचे कानही असे खिशात आले.)

आणि अण्णांना ऐकू यायला लागलं. सगळंच!

"नळ गळतोय."

"पंखा कुरकुरतोय."

"अरे, तू घोरतोस की लाकडं कापतोस?"

इतकी वर्षं घसा फोडून बोलणारे हेडक्लार्क आठवड्याभरात मेटाकुटीला आले. याहून बहिरेपण परवडलं, असं त्यांच्या मनात आलं. तसं आल्याचं पुढे त्यांना फार वाईट वाटलं, पण ते पुढे.

रविवारी अण्णा हॉलमध्ये पेपर वाचत होते. हेडक्लार्क हळूच गॅलरीत गेले, दार लावलं आणि धाकट्या बहिणीला फोन केला.

"हॅलो! ऐकू येतंय का?" पलीकडून चकार शब्द नाही. "अगं, अण्णांना काही महिने तुझ्याकडे ने. डोकं उठलंय माझं!" तरी सामसूम. "बोल की! बहिरी झालीस का?"

बहीण बिचारी केव्हाची बोलत होती. तिचा आवाज फक्त चुकीच्या कानात जात होता.

गॅलरीचं दार उघडलं. दारात अण्णा.

"तुला ऐकू येत नाहीये ना, म्हणून सांगायला आलो," ते म्हणाले. "ती म्हणतेय, अण्णा काय सामान आहेत का, इकडून तिकडे हलवायला?"

"क... कोण म्हणतेय?"

"बहीण तुझी. माझ्या कानात बोलतेय." अण्णांनी कानाला हात लावला. "आता रडतेय."

"अण्णा, मला तसं म्हणायचं नव्हतं हो!"

"अरे, ओरडू नकोस. मला आता स्पष्ट ऐकू येतं."

तो शांत आवाज हेडक्लार्कांना भारी पडला. अण्णा रागावले असते, तर पाय तरी धरता आले असते. अण्णांनी गुपचूप बॅग भरली, यंत्रांची डबी आठवणीने घेतली आणि न्यायला आलेल्या लेकीबरोबर निघाले. जाताना सुनेला म्हणाले, "नळाचं तेवढं बघा."

घर एकदम गप्प झालं. मग हेडक्लार्कांना नळ ऐकू यायला लागला. पंखाही. पेपर उलटल्याचा आवाज मात्र कुठून येईना.

तेवढ्यात खिशात फोन थरथरला. 'यंत्र सापडत नाही. शोधायचे का?' त्यांनी घाईघाईने 'हो' दाबलं. फोन बराच वेळ गरगरला आणि म्हणाला, 'कृपया यंत्राच्या जवळ जा.'

त्यांनी पुन्हा 'हो' दाबलं. पुन्हा तेच उत्तर.

बायको मागून वाचत होती. तिने त्यांच्या चपला आणून पुढ्यात ठेवल्या.

"अहो, फोनलासुद्धा कळलं," ती म्हणाली. "तुम्ही अजून बटणंच दाबताय!"