ज्योतीरामचे चारशे बारा फोटो

ज्योतीराम मस्के शुक्रवारी रिटायर होणार होता. सोमवारी तो एचआरच्या तनुजामॅडमच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला, तेव्हा तिला वाटलं, पीएफच्या फॉर्मचं काहीतरी असेल. तळवड्याच्या त्या कंपनीत सव्वीस वर्षं पत्रा दाबायचं प्रेस मशीन चालवलेला हा माणूस तिच्या खोलीत आजवर दोनदाच आला होता, आणि दोन्ही वेळा दुसऱ्याच कुणाची तरी रजा मागायला. आता तो हातमोजे पिळत उभा होता.

"म्याडम, मशिनीवरचा माजा एक फोटू भेटंल का? घरात लावावा म्हनलं. गावाकडं नातू इचारतेत, आबा कंपनीत काय करत व्हते म्हनून."

"एवढंच? काका, पाच मिनिटांत देते."

पाच मिनिटं हा आकडा तिनं हवेतून काढला नव्हता. कंपनीचे वीस वर्षांतले फोटो नि व्हिडिओ आधी सतरा पेनड्राइव्ह आणि एका बंद पडलेल्या कॉम्प्युटरमध्ये पसरलेले होते. तीन महिने खपून तिनं ते सगळे क्लाउडवरच्या एका लायब्ररीत चढवले. चढवले खरे, पण त्यातून शोधणार कोण? फोटोंची नावं 'फायनल', 'फायनल नवीन' आणि 'हा नको, दुसरा' अशी. म्हणून मागच्याच आठवड्यात तिनं त्या लायब्ररीला एआय असिस्टंट जोडून घेतला. आता नुसतं मराठीत सांगायचं. तो आत शिरून फोटो शोधणार, कोण कुठला ते लिहिणार, अल्बम लावणार, वर चार ओळींची माहितीही देणार. जोडताना त्यानं बिचाऱ्यानं विचारलं होतं की शोधायची, नावं घालायची, सगळ्यांना पाठवायची परवानगी आहे का. तनुजानं सगळ्या चौकोनांत टिचक्या मारल्या. आपल्याकडे असलं वाचत बसतो कोण?

तिनं असिस्टंटला सांगितलं, ज्योतीराम मस्के यांचे मशीनवरचे फोटो काढ. अकरा सेकंदांत उत्तर आलं, चारशे बारा फोटो सापडले. तनुजाला भरून आलं. माणूस मागतो एक आणि निघतात चारशे बारा! वरचा एक फोटो तिनं पाहिला. त्यात माणूस पाठमोरा होता, मशीन छान चकाकत होतं. जेवणाची सुट्टी झालेली, डब्यात वांग्याची भाजी होती. तिनं घाईघाईत सांगून टाकलं की यांचा सुंदर अल्बम कर, कामाची माहिती लिही, कुलदीपसाहेबांना पाठव, शुक्रवारी निरोप समारंभात कॅन्टीनच्या मोठ्या स्क्रीनवर दाखवायचा आहे. आणि ती जेवायला गेली. उघडून बघायचं काही तिच्या मनात आलं नाही.

कुलदीपसाहेब म्हणजे प्लांट हेड. जमीन कंपन्यांत गेलेल्या इथल्याच एका जुन्या घरातला माणूस, अंगानं दणकट पण मनानं हळवा. असिस्टंटनं लिहिलेली माहिती त्यांनी वाचली नि वाचतच राहिले. ज्योतीराम मस्के यांनी प्रेस, वेल्डिंग, पेंट शॉप, टूल रूम अशा चौदा विभागांत काम केलं आहे. एकदा तर एकाच सकाळी ते पाच मशीनवर दिसतात. साहेबांनी कपाळाला हात लावला. असा हिरा आपल्या कंपनीत सव्वीस वर्षं होता आणि आपण त्याला नुसती प्रेस दिली! त्यांनी ताबडतोब 'बहुगुणी कामगार' असं कोरलेलं मानचिन्ह बनवायला सांगितलं, भाषण लिहायला घेतलं आणि ज्योतीरामच्या घरच्या वहिनींना आणायला दापोडीला कंपनीची गाडी पाठवायची असं ठरवलं. माहिती कंपनीच्या ग्रुपवरही टाकली.

ग्रुपवर वाचून पेंट शॉपवाले जरा चक्रावले. त्यांनी ज्योतीरामला पेंट शॉपमध्ये बघितला होता तो फक्त चहा घ्यायला. कुणी तरी ज्योतीरामला विचारलंही. तो म्हणाला, सायबांनी लिहिलंय तर आसंल काहीतरी. जाता जाता साहेबांना खोटं कशाला पाडायचं, असा त्याचा सरळ हिशेब. शिवाय चारशे बारा फोटो आहेत म्हटल्यावर तो मनातून फार सुखावला होता. त्यानं दापोडीच्या खोलीत खिळासुद्धा ठोकून ठेवला. बायकोला म्हणाला, कंच्या फोटूची फ्रेम करायची ते तू ठरीव.

शुक्रवारी तीन वाजता कॅन्टीन भरलं. ज्योतीराम नव्या सफारीत पहिल्या रांगेत बसला होता, शेजारी जरीची साडी नेसून त्याची बायको सुमनताई. साहेबांचं भाषण झालं, त्यात चौदा विभाग दोनदा आले. मग दिवे मालवले आणि स्क्रीनवर सनई लावून अल्बम सुरू झाला.

पहिला फोटो आला. निळा शर्ट, खिशावर पांढऱ्या दोऱ्यानं भरलेलं 'ज्योतीराम मस्के', आणि शर्टात क्वालिटी विभागातला संघर्ष नावाचा पोरगा. लोक हसले, चुकून एखादा लागला असेल म्हणून गप्प झाले. दुसऱ्या फोटोत तोच शर्ट आणि आत सहा वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेले मारुतराव, मिशांसकट. तिसऱ्यात एक परदेशी पाहुणा. चौथ्या फोटोत खुद्द कुलदीपसाहेब पंधरा वर्षांपूर्वीचे, डोक्यावर भरपूर केस, छातीवर 'ज्योतीराम मस्के'. आता कॅन्टीन गदागदा हलायला लागलं.

झालं होतं ते साधं होतं आणि ते त्या कंपनीतच होऊ शकत होतं. फोटोवाला आला की सगळ्यांचे युनिफॉर्म तेलानं काळे. नवा युनिफॉर्म स्टोअरमधून काढायचा तर तीन सह्या लागत. अख्ख्या शॉपमध्ये स्वच्छ, इस्त्रीचा, कॉलर पांढरी न पडलेला शर्ट एकच, ज्योतीरामचा. मग कुणीतरी ओरडायचं, ज्योतीराम, शर्ट दे रे. तो शर्ट काढून द्यायचा आणि फोटो होईस्तोवर स्टोअरमध्ये नटबोल्टच्या खोक्यावर बनियनवर बसून राहायचा. अशी वीस वर्षं गेली. शर्ट प्रत्येक फोटोत होता, ज्योतीराम एकाही फोटोत नव्हता. असिस्टंटनं खिशावरचं नाव वाचलं आणि त्यावर विश्वास ठेवला. त्याची तरी काय चूक?

तनुजा धावत लॅपटॉपपाशी गेली. तिनं ज्योतीरामच्या ओळखपत्राचा फोटो असिस्टंटला दिला आणि हा चेहरा कुठे आहे ते शोध म्हणून लिहिलं. घाईत ती मोठा स्क्रीन बंद करायची विसरली, त्यामुळे उत्तर सगळ्यांनीच वाचलं. चेहरा सापडला नाही. मात्र एका फोटोत मागे स्टोअरचं दार अर्धवट उघडं असून तिथे बनियनमधला एक खांदा दिसतो, तो यांचा असण्याची शक्यता आहे.

कोणी हसलं नाही. ज्योतीराम खाली मान घालून सफारीचं बटण चाचपत बसला. त्याला रडू येत नव्हतं, पण दापोडीतला तो खिळा त्याच्या डोळ्यांपुढून हलेना.

सुमनताईंचं लक्ष मात्र भलतीकडेच होतं. त्या उठल्या, स्क्रीनजवळ गेल्या आणि त्यांनी तनुजाला मघाचा एक फोटो परत लावायला सांगितला. त्यात अकाउंट्सची मोनिका प्रेसपाशी उभी होती, केस नीट विंचरलेले, अंगात तोच निळा शर्ट.

"ही कोन?"

मोनिका मागच्या रांगेतून उभी राहिली. महिला दिनाला महिला ऑपरेटर दाखवायची होती आणि प्रेसवर एकही महिला नव्हती, म्हणून तिला उभं केलं होतं, असं तिनं चाचरत सांगितलं. सुमनताईंनी तारीख विचारली. असिस्टंटनं लगेच दिली, सात मार्च दोन हजार सतरा.

सुमनताई नवऱ्याकडे वळल्या. "म्हंजी त्यो पावडरीचा वास हिचा व्हता."

"म्या त्याच दिवशी सांगितलं व्हतं," ज्योतीराम पुटपुटला.

"सांगितलं व्हतं. पर शर्ट दुसऱ्या बाईनं घातला, त्योबी फोटूसाटी, आन् तुमी तवा बनेनवर खोक्यावर बसला व्हता. आसल्या बोलन्यावर कोनची बाई इश्वास ठिवंल?"

त्या वर्षी पंधरा दिवस ज्योतीरामच्या ताटात जेवण वाढलं जात होतं, पण त्याच्याशी कुणी बोलत नव्हतं. पुढेही आठ वर्षं शर्ट धुवायला घेतला की सुमनताई आधी हुंगून बघत. आज सगळ्या कॅन्टीनसमोर त्याचा उलगडा झाला. मोनिका दोन्ही हातांनी तोंड झाकून हसत होती. मग बाकीचेही हसले, आणि हळूच ज्योतीरामही.

सुमनताईंनी पुढचे फोटो बघितले. प्रत्येक फोटोत त्या आधी कॉलर बघत आणि मान डोलावत. "वीस वरसं म्याच धुतलाय," त्या मोनिकाला म्हणाल्या. "सगळ्यांला शोभून दिसला. ज्येचा हाय त्येलाच तेवढा न्हाई."

हे मोनिकाला म्हटलेलं होतं, पण लागलं कुलदीपसाहेबांना. शर्ट दे रे म्हणणाऱ्यांत ते स्वतः कितीदा होते, हे त्यांना आता एकदम आठवलं. त्यांनी कार्यक्रम थांबवला. ज्योतीरामचा मशीनवरचा फोटो आत्ताच्या आत्ता काढायचा, असं ठरलं. पण ज्योतीरामनं सकाळीच दोन्ही युनिफॉर्म जमा केले होते आणि जमा झालेला युनिफॉर्म कापून टाकायचा हा नियम स्टोअरवाल्यानं आयुष्यात पहिल्यांदाच वेळेवर पाळला होता. सफारीवर मशीनला हात लावता येत नाही. नव्यासाठी तीन सह्या, आणि तिसरी सही करणारे मुंबईला.

साहेबांनी आपल्या अंगातल्या युनिफॉर्मच्या शर्टाची बटणं काढायला सुरुवात केली. "ज्योतीरामभाऊ, हा घाला. मापाला जरा मोठा हाय, पर चालंल." भावना अनावर झाली की साहेबांची भाषा गावात परत जात असे.

ज्योतीराम नको नको म्हणत असतानाच सुमनताईंनी शर्ट हातात घेतला आणि कॉलर उलटी करून उजेडात धरली. सगळं कॅन्टीन बघत होतं. प्लांट हेडच्या कॉलरचं असं ऑडिट आजवर कुणी केलं नव्हतं.

"ह्यो घालून फोटू न्हाई काडायचा," त्या म्हणाल्या. "घरात लावायचाय."

आणि त्यांनी जरीचा पदर खोचला. कॅन्टीनच्या बेसिनवर साबणाची वडी घेऊन कॉलर घासली, बाह्यांची टोकं घासली, पिळून झटकली. संघर्षनं हवेचा पाइप आणून शर्ट वाळवला. इस्त्री नव्हती, तर सुमनताईंनी चहाच्या गरम किटलीच्या बुडाखाली रुमाल घालून कॉलर दाबून घेतली. या सगळ्याला पाऊण तास लागला. एवढा वेळ साहेबांना बनियनवर लोकांत बसवेना, म्हणून ते गुपचूप स्टोअरमध्ये जाऊन नटबोल्टच्या खोक्यावर बसले.

ज्योतीराम शर्ट घालून प्रेसपाशी उभा राहिला. खिशावर साहेबांचं नाव होतं, ते तनुजानं त्याच्या खांद्यावर मशीन पुसायचं कापड टाकून झाकलं. असिस्टंटला तिनं लांबच ठेवलं. या फोटोवर नाव मी माझ्या हातानं घालणार, असं तिनं जाहीर केलं. ज्योतीरामनं एक हात मशीनवर ठेवला, छाती पुढे काढली आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा मशीनवरून कॅमेऱ्याकडे बघितलं. फोटो असा आला की संघर्षनं तो आपल्याही मोबाइलवर मागून घेतला.

पाच वाजायला आले होते. साहेबांची परदेशी पाहुण्यांबरोबर व्हिडिओवर मीटिंग होती. स्टोअरचं दार फटीएवढं उघडून त्यांनी विचारलं, "झाला का फोटो?"

ज्योतीरामनं सुमनताईंना हाताला धरून मशीनपाशी ओढलं आणि दाराकडे न बघताच सांगितलं, "थांबा सायब. आजून हिच्यासंगं एक काडायचाय."