मन्मथअप्पांचा बुधवार

मन्मथअप्पा दूध घ्यायच्या आधी दूधवाल्यालाच त्यातलं घोटभर प्यायला लावतात. दूधवाला मुकाट्यानं पितो, मिशा पुसतो, मग अप्पा पातेलं पुढे करतात. त्याला आता याचं काही वाटत नाही. अप्पांचं दार येईपर्यंत तो सकाळचं काही पोटात घालतच नाही, असं आमची बायको म्हणते.

लातुरात आमची दारं समोरासमोर आहेत. मी अहमदपूरच्या शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालो आणि मुलाकडे इथं राहायला आलो. अप्पांचं गंजात, म्हणजे धान्याच्या बाजारात, भुसाराचं दुकान होतं. पोत्याच्या तोंडाशी चांगला माल आणि तळाशी कचरा, हे जन्मभर बघितल्यामुळे कोपरापर्यंत हात घालून तळाची मूठ बाहेर काढायची सवय. दुकान बंद झालं, पण हात अजून पोत्यातच आहे.

"गोम हाय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आंबे स्वस्त झाले, गोम हाय. बंद पडलेली लिफ्ट न सांगता दुरुस्त झाली तर अप्पा पुढे कितीतरी दिवस जिन्यानंच चढत होते. मी नवा राहायला आलो तेव्हा त्यांनी मला चहाला बोलावून विचारलं, अहमदपूर सोडून लातुरात कशासाठी आलात? मी म्हणालो, मुलगा इथं नोकरीला आहे. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या मुलाला जिन्यात गाठून, हे म्हातारे खरंच तुझे वडील का, याची खात्री करून घेतली.

अशा माणसावर सगळ्या सोसायटीनं संशय घ्यावा, हे पाहायलाही मजा आली असती. पण त्यात मीही सामील होतो.

त्याचं असं झालं. दर बुधवारी, रात्रीच्या जेवणाच्या सुमारास, अप्पांच्या घरातून गाणं ऐकू यायला लागलं. आपल्याकडचं नव्हे. पुष्कळ माणसं एका वेळी, पण वेगवेगळ्या सुरात गायची, कोवळे आवाज वर वर चढत जायचे आणि आता उतरतील म्हणेपर्यंत तिथंच थांबायचे. मधेच एखादा माणूस सपाट आवाजात काही वाचायचा. मग भिंत हलवणारी भली मोठी पेटी वाजायची. खालच्या मजल्यावरच्या बिरादारांनी मला जिन्यात उभं करून ऐकवलं, कारण इंग्रजी कळणारा मी एकटाच. मी ऐकलं आणि सांगितलं, की विलायतेत कॉलेजांची स्वतःची चर्चं असतात, तिथली ही गाऊन म्हटलेली सायंप्रार्थना दिसते.

"म्हणजे झालं, बाटले अप्पा," बिरादार म्हणाले. त्यांच्या तोंडावर समाधान मावत नव्हतं.

अप्पांच्या कपाळावर विभूती, गळ्यात लिंग, श्रावणात सोमवार, आणि बुधवारी हे. त्या दिवसापासून पुरावे गोळा होऊ लागले. अप्पांनी मेणबत्त्यांचा पुडा आणला. खरं तर त्या आठवड्यात आम्ही सगळ्यांनीच आणला होता, वीज रोज जात होती. दिवाळी झाल्यावर गाणं एकदम तासभर उशिरा सुरू व्हायला लागलं, तेव्हा बिरादारांनी आवाज खाली आणून सांगितलं की वेळ बदलली, म्हणजे वरून हुकूम येऊन राहिलेत. शेवटी एका बुधवारी त्यांनी अप्पांच्या मठातल्या जंगममहाराजांना अप्पांच्या घरी नेऊन बसवलं. महाराजांनी डोळे मिटून सगळं ऐकलं, चहा घेतला, आणि पोरांचे आवाज गोड आहेत, चाल मात्र फार संथ आहे, एवढंच बोलून निघून गेले. बिरादार फार खट्टू झाले. मग त्यांनी मला पाठवलं.

बुधवारी मी साखर मागायच्या निमित्तानं दार वाजवलं. अप्पांनी आधी माझ्या वाटीचा तळ बघितला, मग आत घेतलं. टेबलावर मोबाइल आणि त्याला जोडलेला डबीएवढा स्पीकर. अप्पा त्याच्यासमोर हात बांधून उभे. मी बसायला गेलो तर त्यांनी खुणेनं थांबवलं.

"तिथली मंडळी उभी हायत," ते हळूच म्हणाले. "खुर्च्या वाजल्या न्हाईत का मघाशी."

मीही उभा राहिलो. पुन्हा खुर्च्या वाजल्या तेव्हा आम्ही दोघं बसलो. मी विचारलं, यातलं काही कळतं का? एक अक्षर कळत नाही, म्हणाले. मग आवडतं का? तेही नाही. "लई लांबवतात. एक शब्द किती वेळ ओढावा माणसानं."

आता मात्र माझाही संशय बळावला. कळत नाही, आवडत नाही, आणि तरी हा माणूस दर बुधवारी जेवण थांबवून यासमोर उभा राहतो. थंडीत तिकडं घड्याळं तासभर मागं घेतात, म्हणून वेळ बदलते, हे मी त्यांना सांगून बघितलं. घड्याळ मागं घेणाऱ्या लोकांचा काय भरवसा, म्हणाले, पण नजर स्पीकरवरून हलली नाही.

गाणं थांबलं. तिकडं सगळे शांत झाले असावेत. त्या शांततेत दूर कुठंतरी कुणीतरी खोकलं. आधी बारीक, मग दाबून धरल्यासारखं.

अप्पांनी बोट वर केलं. "ऐकलं का?"

"काय?"

"माझी पोरगी हाय ती."

मग त्यांनी स्पीकर बंद न करताच सगळं सांगितलं. त्यांची एकुलती लेक सुवर्णा. आई लवकर गेली, म्हणून शाळा सुटली की ती दुकानातच पोत्यांवर बसून अभ्यास करायची. तुरीच्या भुशानं तिला खोकला लागायचा आणि गिऱ्हाइकासमोर ती तो दाबून ठेवायची. पुढे खूप शिकली. बरोबरच्या एका मुलाशी लग्न ठरवून आली. अप्पांनी हात पोत्यात घातला. मुलाच्या गावी जाऊन शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारलं, डॉक्टरला विचारलं, आणि शेवटी त्याच्या कॉलेजात जाऊन त्याची पदवी खरी आहे का, याची चौकशी केली. हे तिला कळलं. तिनं नांदेडला मैत्रिणीच्या घरी लग्न केलं आणि दोघं विलायतेला निघून गेली. तेव्हापासून बापलेकीचं बोलणं नाही.

सुवर्णा तिकडं एका विद्यापीठाच्या गावी प्रयोगशाळेत आहे, हे अप्पांना उदगीरच्या बहिणीकडून कळायचं. आत्याशी ती बोलते. एकदा आत्यानं सांगितलं की पोरगी तिथल्या कॉलेजच्या चर्चमध्ये जाऊन बसली होती, तिला तिथं फार बरं वाटलं. सोबत तिथल्या दर बुधवारच्या थेट प्रक्षेपणाची लिंक पाठवली. अप्पांनी ती सहज लावली, आणि पहिल्याच शांततेत त्यांना खोकला ऐकू आला.

मी म्हणालो, फोन का करत नाही? नंबर आहे ना?

"फोन केला की बोलावं लागतं, मास्तर," अप्पा म्हणाले. "हे बरं हाय. ती तिथं, मी इथं."

बिरादारांना मी सांगितलं की अप्पांना झोप यावी म्हणून ते गाणं ऐकतात. त्यांचा विश्वास बसला नाही. त्यात मी दर बुधवारी अप्पांकडे जाऊ लागलो, त्यामुळे आता त्यांची माझ्यावरही नजर होती.

थंडी सरत आली तेव्हा खोकला यायचा बंद झाला. पहिल्या बुधवारी अप्पा म्हणाले, बरी झाली असंल. पुढच्या बुधवारी त्यांनी स्पीकरचा आवाज वाढवून बघितला. त्याच्या पुढच्या बुधवारी त्यांनी गाणं संपायच्या आतच स्पीकर बंद केला. त्या आठवड्यात एकदा सकाळी ते माझ्या दारात आले. मागं दूधवाला भरलेलं कॅन घेऊन ताटकळत होता आणि अप्पांना त्याचं भान नव्हतं.

"तुम्ही लावा फोन," ते म्हणाले. "माझं नाव बघून उचलायची न्हाई ती."

तिकडं अजून मध्यरात्र असेल, थोडं थांबू, असं म्हणून मी त्यांना चहा दिला. दुपारी माझ्या फोनवरून नंबर लावला. फोनवर बोलणारा पलीकडचं अर्धंच सांगतो असा अप्पांचा समज असल्यानं स्पीकर चालू ठेवावा लागला. मी लातूरहून, अप्पांच्या शेजारून बोलतोय म्हटल्याबरोबर तिचा आवाज बदलला. "अप्पांना काय झालं?"

अप्पांनी माझ्या हातातून फोन घेतला. तिच्या लहानपणी ते तिला लाडानं अव्वा, म्हणजे आई, म्हणायचे. "अव्वा, खोकला कसाय तुझा?"

मग ती म्हणाली, "कुठला खोकला?"

अप्पांनी बुधवारचं सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. मग तिनं हलक्या आवाजात सांगितलं की ती तिथं एकदाच गेली होती. पाऊस आला, दार उघडं दिसलं, म्हणून मागच्या खुर्चीवर थोडा वेळ बसली. पुन्हा कधी गेली नाही. आणि खोकला तर लातूर सोडल्यापासून तिला नाहीच.

अप्पा रागावतील, नाहीतर फोन ठेवून देतील असं मला वाटलं. त्यांनी फोन तोंडाजवळ आणला.

"मग इतके दिवस कोण खोकत होतं?"

"मला काय माहीत, अप्पा."

"कुणाचं तरी माणूस असंल ते. लई दिवस आवाज न्हाई त्याचा. जाऊन बघ जरा."

ती हसली की रडली ते मला कळलं नाही. बुधवारी जाते म्हणाली. फोन ठेवायच्या बेतात असताना अप्पा घाईघाईनं म्हणाले, "जावयाची पदवी खरी हाय. तवाच कळालं होतं मला. सांगायचं राहिलं."

"तुम्हीच सांगा त्याला," ती म्हणाली.

त्या बुधवारी ती खरंच गेली. खोकणारे एक म्हातारे गृहस्थ निघाले, मधे आजारी पडून होते, आता पुन्हा यायला लागलेत. तिनं त्यांच्या शेजारी बसून त्यांची विचारपूस केली. मग पुढच्या बुधवारीही गेली.

आता आमचं असं ठरलंय. खुर्च्या वाजल्या की आम्ही उभे राहतो, पुन्हा वाजल्या की बसतो. गाणं संपतं, थोड्या वेळानं फोन वाजतो, आणि अप्पा माझ्याकडे बघतात. "मास्तर, उठा आता. घरचं बोलायचं हाय."

मी उठतो. जिन्यात बिरादार उभे असतात आणि काय चाललंय म्हणून विचारतात. मी काही नाही म्हणतो. माझ्या मागं अप्पांच्या दारातून त्यांचा आवाज येत असतो. तिकडं थंडी आहे का, काय खाल्लं, जावई बरा आहे ना. ती जे सांगते त्यावर अप्पा फक्त "बरं" म्हणतात आणि पुढचं विचारतात.