सतराशेची दरी

एका जंगलात, मुलांनो, सेंद्रिय रसायनशास्त्राचा एकच वर्ग होता आणि तो अस्वल सर घेत. निकाल दरवर्षी शंभर टक्के लागे. म्हणून तिथे रसायनशास्त्र उत्तम शिकवतात असं सगळ्यांना वाटे.

सर फळ्यावर एखादी अभिक्रिया लिहीत. लगेच हात वर होत.

"सर, हे परीक्षेला आहे?"

"आहे."

"किती मार्कांना?"

"तीन."

एवढं झालं की तास संपे.

भास्कर नावाचा तरस वर्गात पहिला येई. त्याला एकशे बारा अभिक्रिया क्रमांकासकट पाठ होत्या. झोपेतून उठवून "सत्तेचाळीस" म्हटलं, तरी तो सत्तेचाळिसावी म्हणून दाखवी आणि परत झोपी जाई.

शेवटच्या बाकावर शेवंता बसे. ती खवले मांजर. अंगभर खवले, जेवणात मुंग्या. तिला एक खोड होती. कळल्याशिवाय तिच्या काही लक्षातच राहत नसे.

"सर, अभिक्रियेत तुम्ही वाकडा बाण काढता, तो नेमका कुठून निघतो?" तिने एकदा विचारलं.

"डावीकडून."

"का?"

"उजवीकडे फळा फुटलाय."

शेवंताने घरी जाऊन पुस्तक पाहिलं. बाण इलेक्ट्रॉनांपासून निघतो आणि ते जिथे जातात तिथे टेकतो, असं त्यात दिलं होतं. पण बारीक अक्षरात. बारीक अक्षरातलं परीक्षेला नसे.

वर्गात एक आयआर मशीन होतं. ते पदार्थावर अवरक्त किरण सोडी आणि कागदावर रेघ काढी. रेणूतले बंध जिथे किरण शोषून घेत, तिथे रेघेला दरी पडे. दरी कागदाखालच्या कोणत्या आकड्यावर पडली ते पाहून आत कोणते बंध आहेत ते ओळखायचं.

"सर, यांना पीक म्हणतात. पीक म्हणजे शिखर. मग ती खाली का लोंबतात?"

"मशीन वटवाघळाने बसवलंय," सर म्हणाले. सगळ्यांनी ते वहीत उतरवून घेतलं.

एके दिवशी वाघ महाराजांचा पंजा कपारीत कापला. ते लंगडत वर्गात आले.

"मास्तर, जखम धुवायला स्पिरिट द्या."

सरांनी कपाट उघडलं. आत दोन बाटल्या होत्या. एकीत स्पिरिट, एकीत तीव्र फॉर्मिक ॲसिड, म्हणजे मुंग्यांच्या अंगात असतं ते. दोन्हींवरची लेबलं वाळवीने खाल्ली होती. सरांनी महाराजांच्या दातांकडे पाहिलं आणि घाईने दोन्ही बाटल्यांतले थेंब मशीनमध्ये घालून दोन कागद काढले.

"भास्कर, सांग."

भास्करने पहिला कागद पाहिला. "रुंद दरी, म्हणजे ओ-एच बंध. अल्कोहोल. प्रश्न आठवा, दोन मार्क." मग दुसरा पाहिला. "रुंद दरी. अल्कोहोल. प्रश्न आठवा, दोन मार्क."

"म्हणजे दोन्ही स्पिरिटच," सर म्हणाले आणि त्यांनी हाताशी आलेली दुसरी बाटली उचलली. महाराजांनी पंजा पुढे केला.

"सर, एक शंका आहे," शेवंता म्हणाली.

"तास झाल्यावर."

"मला आत्ता ऐकायचीय," महाराज म्हणाले. पंजा त्यांचा होता.

"दुसऱ्या कागदावर सतराशेजवळ आणखी एक खोल दरी आहे. ती कशाची?"

"सतराशेची दरी प्रश्न नववा," भास्कर म्हणाला. "हा आठवा चाललाय."

"पण बाटली तर एकच आहे. सतराशेजवळ कार्बन आणि ऑक्सिजनचा दुहेरी बंध दिसतो. त्याच्या जोडीला ओ-एच असेल तर ते ॲसिड नाही का? शिवाय बाटलीला माझ्या जेवणासारखा वास येतोय."

"वास अभ्यासक्रमात नाही," सर म्हणाले. पण त्यांनी बाटली जरा लांब धरली. शेवंताने खायच्या सोड्याचा डबा पुढे सरकवला. सरांनी त्यात दुसऱ्या बाटलीतला एक थेंब टाकला. सोडा फसफसून वर आला, म्हणजे ॲसिडच.

महाराजांनी पंजा हळूच मागे घेतला आणि जखम पहिल्या बाटलीतल्या स्पिरिटने धुतली.

"या मुलीचा प्रश्न फार मोलाचा आहे," ते म्हणाले. "यापुढे तो परीक्षेत सक्तीचा."

"किती मार्कांना?" भास्करने विचारलं.

"दहा."

सरांनी दुसऱ्याच दिवशी उत्तर लिहून दिलं. साडेसात ओळी. 'मशीन वटवाघळाने बसवल्यामुळे' इथून सुरुवात. सगळ्या वर्गाने ते पाठ केलं. शेवंताला ते कळेना, म्हणून पाठही होईना. परीक्षेत तिने आपल्या समजुतीप्रमाणे लिहिलं आणि सोड्याच्या अभिक्रियेत बाण इलेक्ट्रॉनांपासून काढला.

तिला दहापैकी शून्य मिळाले.

ती पेपर घेऊन सरांकडे गेली. "सर, यात चुकलं काय?"

सरांनी पेपर दोनदा वाचला. त्यांचा चेहरा जरा पडला. "चुकलं काहीच नाही गं," ते हळू आवाजात म्हणाले. "पण उत्तर नमुन्याशी जुळत नाही. आणि खरं सांगू? मला ते आत्ता कुठे कळलं."

"मग मार्क वाढवाल?"

"कसे वाढवू? पेपर भास्करने तपासलेत. नमुना पाठ होता म्हणून त्यालाच नेमलंय."

शेवंता नापास झाली. त्या वर्षी निकाल नव्व्याण्णव टक्के लागला आणि जंगलात सगळे हळहळले, की एका मुलीमुळे शाळेचं नाव गेलं.

तात्पर्य : शंका जरूर विचारावी, राजाचा पंजासुद्धा वाचतो. मात्र उत्तर समजून घेण्याच्या फंदात पडू नये. तेवढ्यात बाकीचे पास होतात.