लाल टोपीचा नळ

पुरुष मंडळाच्या सभेत फादरांनी एक साधीच गोष्ट सांगितली, पण ऐकून सगळ्यांच्या माना खाली गेल्या.

"प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले. आपणही स्वतःला त्याचे शिष्य म्हणवतो. तर येत्या शनिवारी संध्याकाळी प्रत्येकानं एका माणसाला घेऊन यायचं, ज्याच्याशी आपलं बिनसलंय त्याला. आणि त्याचे पाय धुवायचे. तोंडानं साक्ष पुष्कळ देऊन झाली, आता हातांनी द्या."

कुणी बुटाची नाडी सोडून परत बांधायला लागलं. बेकरीवाला छताकडे बघत बसला, कारण त्याचं ज्यांच्याशी बिनसलं होतं ती माणसं त्या हॉलमध्ये मावली नसती. उठून उभा राहिला तो एकटा प्लंबर.

"फादर, पहिला नंबर माझा. मी माझ्या मेहुण्याला आणतो. आणि या थंडीत गार पाण्यानं पाय धुवायचे म्हणजे पाहुण्याला बोलावून छळण्यासारखं आहे. हॉलमध्ये गरम पाण्याची लाइन मी टाकून देतो. स्वखर्चानं."

टाळ्या पडल्या. प्लंबर छाती काढून घरी गेला आणि बायकोला ही बातमी सांगितली. ती हातातली परात तशीच धरून उभी राहिली.

"बाळ येईल?" तिनं विचारलं.

बाळ म्हणजे तिचा धाकटा भाऊ. भरघोस मिशांचा पोस्टमन, पण ताईसाठी बाळच. त्याचं नवीन घर बांधून झालं तेव्हा नळाचं सगळं काम दाजींनी, म्हणजे आपल्या प्लंबरनं, हौसेनं केलं होतं. मग बाळनं आठवडाभर गार पाण्यानं अंघोळ केली आणि हीटर बिघडलाय असं समजून हीटरवाल्याला शिव्या घातल्या. एके सकाळी चूळ भरायला म्हणून त्यानं गार पाण्याचा नळ सोडला आणि तोंड पोळून घेतलं. दोन्ही नळ उलटे जोडलेत हे तेव्हा त्याच्या लक्षात आलं, आणि बिचाऱ्यानं ते ताईच्या घरी, जेवणाच्या टेबलावर, चार पाहुण्यांसमोर सांगितलं.

प्लंबरचा पारा चढला. "नळ बरोबर आहेत. तुलाच डावं-उजवं कळत नाही."

आता, पोस्टमनला डावं-उजवं कळत नाही म्हणायचं! डावीकडची तिसरी गल्ली, उजवीकडचं दुसरं दार, यावरच ज्याचं पोट चालतं त्याला! बाळ जेवणावरून उठला तो गेलाच. तेव्हापासून या घरचं टपाल फाटकाखालून आत यायचं. सहीचं काही असलं की बाळ पेन पुढे करायचा आणि स्वतः समोरच्या भिंतीकडे बघत राहायचा. प्लंबरही भिंतीकडे बघतच सही ठोकायचा.

यात हाल होते ते ताईचे. आणि आता तर बाळच्या मुलीचा पहिला कम्युनियन, म्हणजे चर्चमध्ये पहिल्यांदा प्रभूचा प्रसाद घ्यायचा सोहळा, आला होता, आणि तिचा धर्मपिता होता आपला प्लंबर. बाप्तिस्म्याच्या वेळी त्यानंच तिला हातात धरलं होतं. चर्चमध्ये त्या दिवशी पोरीच्या शेजारी धर्मपिता नसला तर लोक काय म्हणतील ते म्हणोत, पण पोरीला काय सांगायचं? त्याचं आमंत्रण अजून आलं नव्हतं. प्लंबर वरून दाखवत नसला तरी रोज फाटकाखाली वाकून बघत होता.

ताई भावाकडे जाऊन आली. "येतो म्हणाला. पण बोलणार नाही म्हणाला."

"न बोलेना का. पाय तर देईल ना?"

"अहो, मी काय म्हणते, पाणी घरून तापवून बादलीत नेऊ या का?"

"प्लंबरनं बादली न्यायची? लोक हसतील मला."

शनिवारी दुपारी काम पूर्ण झालं. हॉलच्या भिंतीमागे गिझर बसवला, भिंतीतून दोन पाइप आरपार काढले, पुढच्या बाजूला दोन झकास नळ लावले. डावीकडे लाल टोपीचा गरम, उजवीकडे निळ्या टोपीचा गार. दोन्ही सोडून पाहिले, कुठे थेंब गळत नव्हता. गिझर तापायचा होता, त्यामुळे दोन्हींतून गारच पाणी आलं. प्लंबर खूश होऊन अंघोळीला गेला.

संध्याकाळी हॉल भरला. खुर्च्या मांडलेल्या, त्यांच्यापुढे घमेली, टॉवेल घडी घालून ठेवलेले. बाळ आला, ताईला हसला, दाजींना ओलांडून खुर्चीत बसला आणि त्यानं पायमोजे काढले. दिवसभर चालून भेगा पडलेल्या टाचा प्लंबरला दिसल्या. रोज याच पायांनी आपल्या फाटकापर्यंत येऊन हा परत जातो, असं त्याच्या मनात आलं.

त्यानं लाल नळ चांगला सोडला, निळा जरासा, जग भरला, गुडघे टेकले आणि प्रेमानं पाणी ओतलं.

बाळ खुर्चीसकट हातभर मागे सरकला. त्याची लाथ घमेल्याला बसली आणि सगळं पाणी फादरांच्या बुटात गेलं. फादर एका पायावर उभे राहून म्हणाले, "असू दे, असू दे."

"गिझर तापला नाही वाटतं," प्लंबर पुटपुटला. त्यानं लाल नळ आणखी मोठा केला आणि निळा बंदच करून टाकला. दुसरा जग ओतला. बाळच्या मिशा थरथरायला लागल्या. मागून बेकरीवाला म्हणाला, "पाय धुतोयस का बर्फात मासळी ठेवतोयस?"

प्लंबर तिसरा जग भरायला वळला तेव्हा मागून आवाज आला.

"दाजी, निळा सोडा."

ताईनं तोंडावर पदर धरला. किती दिवसांनी तिच्या भावानं त्या माणसाला दाजी म्हटलं होतं.

प्लंबर निळ्या नळासमोर उभा राहिला. तो सोडायचा म्हणजे जेवणाच्या टेबलावरचं ते सगळं भांडण हरल्यासारखंच. न सोडावा तर मेहुण्याचे पाय निळे पडत चाललेले. आणि एकदम त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पाइप त्यानं भिंतीच्या मागच्या बाजूनं जोडले होते. मागून जे डावं, ते पुढून उजवं. बाळच्या घरीही तो भिंतीमागेच उभा होता.

त्यानं निळा नळ सोडला. वाफ आली. वाफ आली तशी लोकांत खसखसही पिकली, पण प्लंबर वळला नाही. लालमधलं गार मिसळून त्यानं हात घालून पाहिला, मग गुडघ्यावर बसून एकेक टाच चोळून धुतली, बोटांच्या बेचक्याही सोडल्या नाहीत.

"बाळ, चुकलं माझं," तो खाली बघतच म्हणाला. "डावं-उजवं मलाच कळत नाही."

फादर ओल्या मोज्यानं पुढे आले. "मी हातांनी साक्ष द्यायला सांगितलं होतं. तू स्वतःच्याच विरुद्ध देऊन मोकळा झालास."

यावर बाळ जो हसायला लागला, तो थांबेचना. हसता हसता त्यानं डोळे पुसले, वाकून दाजींचा खांदा धरला आणि खिशातून एक पाकीट काढलं. आमंत्रण. टोकं मुडपलेली होती. बरेच दिवस खिशातच असावं.

"फाटकाखालून टाकवत नव्हतं," तो म्हणाला. "पोरगी रोज विचारते, धर्मपिता येणार ना. सकाळी लवकर या, ताईला घेऊन. आणि आमचेही नळ एकदाचे सरळ करून टाकू. फक्त येताना एखादा चांगला प्लंबर घेऊन या."

प्लंबरनं टॉवेलानं बाळच्या टाचा टिपल्या आणि मान खाजवली.

"आणला असता रे. पण इथले सगळे माझ्याच हाताखाली शिकलेत."