रानम्हशीचे चाळीस सेकंद

नव्या राज्याला वर्ष भरलं, तेव्हा राज्यपशू रानम्हैस हिच्यावर माहितीपट काढावा, असं प्रचार शाखेने ठरवलं. चित्रण उरकल्यावर त्याला संगीतही लागतं, हे कुणाच्या तरी ध्यानात आलं. लगोलग राजधानीतल्या बुढापारा मोहल्ल्यात व्हायोलिन शिकवणाऱ्या श्रीपादराव दाणींच्या घरी तीन प्रतींत एक फॉर्म पोचला. रकाने तीनच: गती, पट्टी, भाव.

श्रीपादरावांनी चित्रण सात वेळा पाहिलं. शेवटी एक म्हैस पाण्यात उभी राहून हरवलेल्या रेडकाची वाट बघते. चाळीस सेकंद. पंचवीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांकडून सा-रे-ग-म घोटवून घेणाऱ्या या माणसाला त्या चाळीस सेकंदांसाठी अशी धून सुचली, की ती त्यांनी पुन्हापुन्हा वाजवली. बायको पद्मजा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. भाजी करपली, तरी हलली नाही.

त्यांनी फॉर्म भरला. गती: संथ. पट्टी: डी मायनर. भाव: एकटेपणा.

प्रचार शाखेच्या शंकर नगरमधल्या कार्यालयात उपसंचालक यशवंतरावांनी चष्मा कपाळावर चढवला. गृहस्थ मूळचे अमरावतीकडचे.

"दाणीजी, संथ काहून? विकास दौडून राहिला, अन् आपली म्हैस संथ? दुप्पट करा!"

"साहेब, म्हैस चालतेच हळू."

"ते आमच्यावर सोडा ना."

सोडलं. फीत दुप्पट वेगाने फिरवली आणि म्हैस पळू लागली. त्यावर वन विभागाचं पत्र आलं: ही कुणाला भिऊन पळत आहे? आमच्या जंगलात भीती नाही. घ्या! मग ती आनंदाने पळते आहे, असं माहितीपटासाठी नेमलेल्या समितीने एकमताने नोंदवलं.

पट्टीचं प्रकरण त्याहून गंभीर निघालं. राज्य वेगळं झालं तेव्हा खुर्च्या, जीपगाड्या, बाबू, सगळ्यांची वाटणी झाली होती. पण डी मायनर कुणाच्या वाट्याला गेली, याची फाइलच सापडेना. जुन्या राज्याच्या माहितीपटांत ती वाजली होती, म्हणजे ती भोपाळची. ना-हरकत मागवली. आठ महिन्यांनी उत्तर आलं: ही पट्टी आमच्या वापरात आहे, शेजारची घ्यावी. संगीतात बासरीही होती, आणि शेजारच्या पट्टीची बासरी अख्ख्या गावात कुणाकडे नव्हती. तेव्हा बासरीवाल्याने ती नुसती ओठांशी धरावी आणि सूर की-बोर्डातून काढावेत, असा तोडगा निघाला.

श्रीपादरावांनी हे सगळं मुकाट गिळलं. फक्त त्या चाळीस सेकंदांना हात लावू देणार नाही, असं घरी ठणकावून ते शेवटच्या बैठकीला गेले.

"एकटेपणा?" यशवंतराव दचकले. "एवढा मोठा विभाग तिच्या पाठीशी उभा, अन् ती एकटी? वरून विचारतील मले! तिथं ढोल टाका."

"साहेब, तिचं रेडकू हरवलंय हो."

"तिची तक्रार आली का?"

तक्रार आली नव्हती. शिवाय पडद्यावर 'राज्याचे आद्य संगीतकार' अशी पाटी येणार होती. श्रीपादरावांनी सही केली.

जेवताना पद्मजाने एकच विचारलं, "अन् ते चाळीस सेकंद?" श्रीपादराव हात धुवायला उठले.

पहिल्या खेळाला सभागृह खच्चून भरलं. शेवटचे ढोल सुरू झाले आणि नेमका प्रमुख पाहुण्यांचा मोबाइल वाजला. ते बाहेर जायला उठले. ते उठले म्हणून यशवंतराव उठले, यशवंतराव उठले म्हणून दुसरी रांग उठली, आणि मागच्यांना वाटलं, राज्यगीत लागलं. झालं! सगळे ताठ उभे. श्रीपादरावही. एकटी पद्मजा बसून पाण्यातल्या म्हशीकडे बघत डोळे पुसत होती.

"ऊठ ना," श्रीपादराव कुजबुजले, "लोक पाहून राहिले."

"तुमची धून लागली की उठीन."

तेव्हापासून दर समारंभाला ते ढोल वाजतात आणि सगळे उभे राहतात. परवा तुम्हीही होतात, मागून तिसऱ्या रांगेत, हात मांड्यांना चिकटवून. शेजारी एक बाई बसूनच राहिली, तर तिच्यावर डोळे वटारलेत. आठवतं का?